सदतीस काळ्या ट्रंका

माझ्या हातून झालेल्या मोठ्या चुका मी सगळ्या मन लावून केलेल्या आहेत. निष्काळजीपणानं माणूस फार तर कपबशी फोडतो. अख्ख्या गावाला एका दमात खाली मान घालायला लावायची तर तयारी लागते, मेहनत लागते आणि सौंदर्यदृष्टी लागते. हे सगळं माझ्याकडं भरपूर होतं. पाथर्डीच्या पुढं, जिथं पाऊससुद्धा वाट चुकल्यासारखा येतो, अशा एका बाजारगावच्या हायस्कुलात मी नोकरीभर चित्रकला शिकवली. सगळं गाव मला 'सर' म्हणायचं. गावातले एक माजी फौजी हवालदार तेवढे 'मास्तर' म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द हुद्द्यासारखा वाटायचा. मला बढती मिळेल असं मात्र त्यांच्या आवाजातून कधी वाटलं नाही.

त्यांची-माझी पहिली भेट झाली ती पंधरा ऑगस्टला. मी नवाच होतो. झेंड्याची घडी मी स्वतः घातली होती, आत गुलाबाच्या पाकळ्या भरल्या होत्या, आणि वाऱ्यानं सुटू नये म्हणून गाठ चांगली आवळली होती. मुख्याध्यापकांनी दोरी ओढली. झेंडा सुटला नाही. पुन्हा ओढली. मग मी धावत गेलो आणि दोरीला लोंबकळलो. खांब वाकायला लागला, राष्ट्रगीताला उभी राहिलेली पोरं हसू दाबून लालबुंद झाली. तेवढ्यात गर्दीतून एक उंच, काटकुळा माणूस आला. त्यानं माझ्या हातातून दोरी काढून घेतली, सैल सोडली, हलकेच दोन झटके दिले. झेंडा फडकला. पाकळ्या तेवढ्या सगळ्या माझ्या डोक्यावर पडल्या.

"झेंड्याची गाठ लेकरानं वढली तरी सुटाया पायजे, मास्तर," तो माणूस म्हणाला. "ही तुमी झेंडा चोरीला जाऊ न्हाई म्हनून बांधली व्हय?"

आमच्याकडं फौजेतून आलेला माणूस शिपाई असो, स्वयंपाकी असो की सुभेदार, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. सकाळी चहाच्या टपरीच्या एका बाकावर आठ-आठ मेजर बसलेले असतात. प्रत्यक्ष सैन्यात इतके मेजर एका बाकावर कधी बसले नसतील. हवालदारांना मात्र ही खिरापत चालायची नाही. कुणी मेजर म्हटलं की ते जागच्या जागी थांबायचे, आपला नंबर सांगायचे, मग हुद्दा, मग नाव, आणि शेवटी म्हणायचे, "स्टोअर."

त्यांची सगळी नोकरी कोठीत गेली होती. बूट, घोंगड्या, ताटल्या, पट्टे. घ्यायचे, मोजायचे, द्यायचे. एकदा टपरीवर कुणीतरी खवचटपणे विचारलं, "म्हंजी तुमी गोळी झाडलीच न्हाई की हवालदार?"

"बंदूक चालवनारा येक आसतो," हवालदार बशीत चहा ओतत म्हणाले, "आन् त्याच्या पायातला बूट मोजनारा येक आसतो. बूट नसता तर तुझा चुलता अनवानी लढला आसता. त्याचा नंबर सात. डावा पाय जरा मोठा."

विचारणाऱ्याचा चुलता शेजारीच बसला होता. त्यानं गुपचूप स्वतःच्या डाव्या पायाकडं पाहिलं.

मोजणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. लग्नात पंगत बसली की ते वाढप्यांच्या बादल्या मोजायचे. माझी मुलगी झाली तेव्हा बघायला आले. लोक बाळ आईवर गेलंय की बापावर ते बघतात. ह्यांनी दुपटं बाजूला करून हातापायांची बोटं मोजली, "वीस. चेक," म्हणाले आणि बाळाच्या मुठीत नाणं ठेवून निघून गेले.

पण त्यांचा खरा जीव ट्रंकेत. फौजी माणसाची काळी पत्र्याची ट्रंक आमच्याकडं घरोघरी सापडते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ज्याची त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली. माणूस निवृत्त होऊन येतो आणि त्या ट्रंकेत बाजरी भरतात, गोधड्या भरतात, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ठेवतात. हवालदार कुणाच्याही घरी गेले की आधी ट्रंक कुठंय ते बघायचे. दारावर टकटक करावी तशी झाकणावर दोनदा टकटक करायचे आणि मगच उघडायचे. आत काय आहे ते एका जाडजूड वहीत लिहून घ्यायचे. ती वही मी पाहिली आहे. 'ट्रंक चांगली. कडी मोडकी. आत: बाजरी दोन पायली, पट्टा एक, आरसा फुटका एक, मांजराची पिल्लं तीन. पुन्हा तपासणी करणे.'

एका घरी मी चहाची बशी घेऊन सवयीनं अशाच एका ट्रंकेवर टेकलो.

"मास्तर, उठा," हवालदार म्हणाले. "मानूस हाय त्यो."

मी असा उडालो की चहा सगळा त्या माणसावर सांडला.

हे वेड कुठून आलं ते मी एकदाच विचारलं. आम्ही बसस्टँडवर उभे होतो. त्यांनी आधी वाकून बस दिसते का ते पाहिलं. मग म्हणाले, "लढाईत कोनी गेला की त्याची ट्रंक माज्याकडं यायची. उघडायची, यादी करायची, बंद करायची, घरी धाडायची. लई धाडल्या, मास्तर. त्या घरी कशा उघडल्या, ते बगायचं ऱ्हायलं हुतं." आणि बस आली तसे चढून गेले. मी चढायचं विसरलो.

तर दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावातल्या सगळ्या माजी सैनिकांचा सत्कार करायचा. सभेत सरपंचबाई म्हणाल्या, "शाल, श्रीफळ, फेटा. पाहुणे जिल्ह्यावरून बोलवू. काही सूचना?"

हवालदार उठले. "ताई, माज्याकडं चौदा शाली हायेत. सगळ्या येकाच दुकानाच्या. आन् थंडी मला येकच वाजती."

सभा हसली.

"सत्कार करायचा तर ट्रंकेचा करा," ते पुढं म्हणाले. "शाळंच्या पटांगनात वळीनं मांडा. ज्याची त्यानं मागं हुबं ऱ्हायचं. जो न्हाई, त्याच्या घरचं कोनीतरी हुबं ऱ्हाईल. आतली येक वस्तू काढायची आन् तिची गोष्ट सांगायची. शाळंतली पोरं लिहून घेतील. मागनं ज्याला वाटंल त्यानं ट्रंक गावाला द्यावी. कोंडवाड्याची खोली रिकामीच हाय."

कोंडवाड्यात आता मोकाट जनावरं कुणी कोंडत नाही, त्यामुळं कुणाचीच हरकत नव्हती. सजावटीची आणि सूत्रसंचालनाची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझ्या सौंदर्यदृष्टीला काम नव्हतं.

हवालदार आणि मी टेम्पो घेऊन दारोदार फिरलो. सगळ्यांनी ट्रंका दिल्या. अडलं ते हौसाबाईंच्या दारात. त्यांचा नवरा सरहद्दीवरून परत आला नव्हता, ट्रंक आली होती. तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की हौसाबाई ऊसतोडीला निघायच्या आणि ट्रंक ट्रॉलीत चढवायच्या. सासू म्हणायची, ती कशाला, घरी राहू दे. हौसाबाई म्हणायच्या, "ह्ये तिकडं आन् मी हितं, आसं येकदा झालंय. आता न्हाई." नवऱ्याची पत्रं एका सालात फडावर राहायची पाचटाची कोपी पेटली त्यात गेली. त्याच्या हातचं म्हणून उरलं होतं ते झाकणावरचं नाव. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा घरापुढं बसून त्यानं ते काढलं होतं.

"एक दिवसाचा प्रश्न आहे, मावशी," मी म्हणालो. "जिवापेक्षा जपीन."

"जीव ऱ्हाऊ द्या, सर. टरंक जपा."

सदतीस ट्रंका शाळेच्या हॉलमध्ये आल्या. हवालदारांचीही त्यात होती. कार्यक्रमाला दोन दिवस होते, आणि हवालदार डोळे तपासायला नगरला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये उभा राहून त्या रांगेकडं पाहिलं. बाहेर पताका, मांडव, रांगोळी, झेंडूच्या माळा. आत ह्या गंजलेल्या, पोपडे आलेल्या, कुठं शेण लागलेल्या ट्रंका. भंगारवाल्याचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. माझ्यातला कलावंत हळूहळू जागा झाला. तो जागा झाला की घरातली माणसं महागाच्या वस्तू उचलून ठेवतात, पण त्या दिवशी तिथं घरचं कुणी नव्हतं.

मी टेम्पो रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. काळा ऑइलपेंट, चकचकीत.

"सर, नावं?" त्यानं विचारलं.

"नावं आपण वरून नवीन काढू. मी काढीन. सगळी एकसारखी, देवनागरीत, वळणदार."

त्यानं ब्रश बुडवला आणि पुन्हा थांबला. "सर, नक्की?"

मला दोनदा 'नक्की?' असं विचारणारी माणसं आयुष्यात मोजकी भेटली, आणि त्यांतल्या एकाचंही मी ऐकलेलं नाही. मीसुद्धा बाह्या सारून एक ब्रश घेतला. हौसाबाईंची ट्रंक मी दुसऱ्या कुणाला रंगवू दिली नाही. जिवापेक्षा जपीन म्हणालो होतो. म्हणून तिला दोन हात दिले.

चार वाजेपर्यंत सदतीस ट्रंका नुकत्या धुतलेल्या म्हशींसारख्या चमकत होत्या. पाचच्या बसनं हवालदार आले ते थेट हॉलमध्ये. मी दारातच उभा होतो, कौतुक झेलायला.

ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यातली निम्मी मानसं सरहद्दीवर हुती. तिथं कुनाला ह्यांची नावं पुसता आली न्हाईत. तुमी दुपारच्याला पुसली."

तेव्हा कुठं आपण काय केलं ते मला कळलं. तरी तोंड चालूच. "पण तुमच्या वहीत सगळे नंबर आहेत ना? मी रात्रीतून सुरेख काढतो."

"सुरेख?" ते एका झाकणावर हात ठेवायला गेले आणि ओल्या रंगाला बघून थांबले. "ही हौसाबाईच्या मालकाची. त्यानं नाव काढलं तवा ईस वर्साचा हुता. सुट्टी सपली हुती, दुसऱ्या दिवशी सरहद्दीवर जायाचं हुतं. हात कापत हुता त्याचा. तेवढं कापरं काढता यील तुमाला?"

मी गप्प बसलो. ही घटना इतकी दुर्मीळ होती की पेंटरनंही माझ्याकडं वळून पाहिलं.

हवालदारांनी पेंटरला विचारलं, "रंग काढायला काय हाय तुज्याकडं?" थिनर होतं आणि टर्पेंटाइन होतं. हवालदारांनी स्वतःची ट्रंक रांगेतून ओढून बाहेर काढली आणि झाकणावर थिनरचा बोळा फिरवला. काळा रंग गेला, त्याच्याखालचा जुना रंग गेला, पांढरं नाव गेलं, आणि खाली कोरा पत्रा चमकायला लागला.

"हवालदार, तुमचं नाव!" मी ओरडलो.

"मग काय दुसऱ्याच्या ट्रंकेवर तपासून बगू?" ते म्हणाले. "माजं गेलं तर गेलं. मी हाय आजून. कोनीबी इचारा, सांगतो."

मग त्यांनी बाजूच्या पत्र्यावर, जिथं गावाचं नाव होतं, तिथं मऊ चिंधीला टर्पेंटाइन लावून अगदी हळूहळू फिरवलं. दुपारचा रंग कच्चा होता, तो चिंधीवर आला. त्याच्याखालचं पांढरं अक्षर कित्येक वर्षं वाळून दगड झालेलं होतं, ते जागेवर राहिलं.

"चेक," हवालदार म्हणाले.

"चला, आत्ता सगळ्या पुसून टाकू," मी चिंधी उचलली.

"खाली ठिवा ती. ज्याची त्यानं पुसायची. उद्या, सगळ्यांम्होरं. आन् का पुसायची ते तुमी सांगायचं. माईकवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगण भरलं होतं. मी सूत्रसंचालनासाठी अकरा पानं लिहून आणली होती. ती खिशातच राहिली. माइक हातात घेतला आणि जे झालं ते सांगितलं. सजावटीच्या नादात मी सदतीस नावांवर काळा रंग फासला, कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं, पेंटरनं दोनदा विचारलं होतं. इतका साधा, विशेषणं नसलेला मजकूर मी माइकवर त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मग पहिल्या रांगेतून एक म्हातारे सुभेदार म्हणाले, "म्हंजी आता आमी आमचीच वळखपरेड घ्यायची व्हय, सर?" काही माणसं हसली, काही भडकली. "ह्यानलाच काळं फासा की!" असाही एक आवाज आला आणि त्याला बऱ्यापैकी पाठिंबा मिळाला.

तेवढ्यात हौसाबाई उठल्या. त्या रांगेपुढून चालत आल्या आणि एका ट्रंकेपाशी थांबल्या. कडीला बांधलेल्या तारेवरून त्यांनी ती ओळखली होती. झाकणावर तळवा ठेवला. उचलला. तो काळा झाला होता.

"काय केलंस रं हिचं?" त्या मला म्हणाल्या. त्याआधी त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

हवालदारांनी माझ्या हातातून माइक घेतला. "सगळ्यांनी आपापल्या ट्रंकेम्होरं या. मऊ कापड घ्या. दाबायचं न्हाई. लेकराचं नाक पुसल्यावानी पुसायचं."

कुठली कुणाची हे ते काठीनं दाखवत गेले. वही उघडलीसुद्धा नाही. झाकणाचा बाक, कडी, बिजागरी, पोचे. एका मेजरनं आयुष्यभर नातवंडांना सांगितलं होतं की ट्रंकेला पडलेला पोचा गोळीचा आहे. तो गोठ्यात बैलाच्या शिंगाचा होता, हे हवालदारांच्या वहीत मी स्वतः वाचलेलं. हवालदार त्या ट्रंकेपाशी थांबले, म्हाताऱ्याच्या मागं उभ्या असलेल्या नातवंडांकडं पाहिलं आणि माइकवर म्हणाले, "पोचा येक. कारन, लढाई." म्हाताऱ्यानं मान अशी ताठ केली की फेटा मागं सरकला.

आणि मग नावं यायला लागली. आधी एखादा आकडा, मग दोन, मग अर्धं अक्षर. एक नंबर पूर्ण झाला की हवालदार तो हुद्द्यासकट, नावासकट माइकवर पुकारायचे आणि पटांगण टाळ्यांनी दणाणायचं. कुणाचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, कुणाला शेवटी जागा पुरली नाही म्हणून आडनाव कडेवरून खाली उतरलेलं. "आरं तिच्या, इतकं घान आक्षार हुतं माजं?" सुभेदार स्वतःच्याच नावाकडं बघून खदखदून हसत होते. प्रमुख पाहुण्यांनी कोट काढला आणि विचारलं, मी काय करू? त्यांच्या हातात टर्पेंटाइनचं पातेलं देण्यात आलं. ते तासभर रांगेतून वाढप्यासारखे फिरले. त्यांचं भाषण कुणालाच आठवलं नाही, त्यांनाही नाही.

पस्तीस नावं पुकारून झाली. राहिली हौसाबाईंची. दोन हात दिलेली.

त्यांची चिंधी काळी होत होती आणि खालून काळंच येत होतं. सगळे भोवती जमले. मी पुढं झालो तर त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. हवालदार त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी ट्रंकेला हात लावला नाही. फक्त स्वच्छ चिंधी पुढं करत राहिले. एक, दुसरी, तिसरी. पटांगणात पताकांची फडफड तेवढी ऐकू येत होती. सातव्या चिंधीला पांढरी रेघ दिसली.

"आली," हौसाबाई म्हणाल्या. हात तसाच संथ फिरत राहिला. "ह्यो आकडा. ह्यो बगा, वाकडा. मी म्हनले हुते सरळ काढा, तर म्हनले तुला काय कळतं, तू डबा धर." त्या भांडत भांडत पुसत होत्या, आणि एकेक अक्षर बाहेर येत होतं, कापऱ्या हाताचं, वीस वर्षांच्या पोराचं. पूर्ण नाव आलं तेव्हा हवालदार उभे राहिले आणि माइक न घेता ओरडले. नंबर, शिपाई, नाव. त्या आवाजानं मागच्या लिंबावरची पाखरं उडाली. गाव उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात.

नावाच्या शेजारी बोटाएवढा एक पांढरा ठिपका राहिला होता. मला वाटलं, आता तरी आपला काही उपयोग व्हावा.

"मावशी, एवढा डाग राहिलाय. पुसून देऊ?"

"त्यो डाग न्हाई, सर," त्या म्हणाल्या. "त्यो मी हाय. वाळलं का बगाया बोट लावलं हुतं. लई बोलले मला."

त्यानंतर झाकणं उघडली. फुटके आरसे, सुईदोऱ्याचे डबे, एका पायाचा मोजा निघाला. माणसं बोलत राहिली आणि शाळेतली मुलं लिहीत राहिली. जेवणं तीन वाजता झाली, तरी कुणी कुरकुर केली नाही.

पण झाकणं उघडण्याआधी एक झालं. हौसाबाईंनी रांगेकडं पाहिलं आणि विचारलं, "हवालदार, तुमची कुटंय?"

"माजी ऱ्हाऊ द्या," हवालदार घाईनं म्हणाले. "सरपंचताई, म्होरला कार्यक्रम घ्या."

मी हॉलमधून ट्रंक ओढत आणली. झाकण कोरं होतं. का कोरं आहे ते मी सांगितलं, ह्या खेपेला माइकशिवाय. हौसाबाईंनी पेंटरकडं हात केला, "पांढरा आन." त्यांनी जन्मात अक्षर काढलेलं नव्हतं. पण हवालदारांच्या नंबरातला पहिला आकडा एक होता, हे कुणीतरी सांगितलं, आणि एक काढायला शाळा लागत नाही. त्यांनी ब्रश मुठीत धरला आणि एक उभी रेघ ओढली. दुसरा आकडा सुभेदारांनी काढला. तिसरा बैलाच्या पोच्यावाल्या मेजरनं. पुढचे आकडे कुणालाही विचारावे लागले नाहीत, आयुष्यभर त्यांनी ते आमच्या कानांवर आदळले होते. मग हुद्दा, मग नाव. छत्तीस माणसांना पुरतील एवढी अक्षरं त्यात नव्हती, म्हणून कुणी नुसतं टिंब दिलं, कुणी अधोरेखा ओढली, एकानं चौकट काढायला घेतली आणि ती तीनच बाजूंची झाली. हवालदार सगळा वेळ सावधान उभे होते आणि झाकणाकडं न बघता समोर बघत होते. मी ब्रशसाठी हात पुढं केला.

"मास्तर," समोर बघतच ते म्हणाले, "तुमी डबा धरा."

मी डबा धरला. दोन्ही हातांनी. एवढी मोठी जबाबदारी मी नोकरीत कधी नीट पार पाडली नव्हती.

ती ट्रंक आता कोंडवाड्याच्या खोलीत दारासमोरच ठेवली आहे. मी हे सगळं लिहिलं तरी हवालदारांचं नाव त्यात कुठं आलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ते वाचायचं तर गावात यावं लागेल. माझ्या अक्षरात ते कुठंही काढायला मला सक्त मनाई आहे.